सोसायटीच्या नकाशांचा संच: मास्टर पेजवर काय, लेअरवर काय

पुण्यातल्या एखाद्या जुन्या सोसायटीच्या डक्टमध्ये डोकावले तर चार-पाच उभे पाइप दिसतात. एक महापालिकेच्या पाण्याचा, एक बोअरच्या पाण्याचा, एक सांडपाण्याचा, एक मैल्याचा आणि एक गच्चीवरून उतरणारा पावसाच्या पाण्याचा. कुठला पाइप कशाचा हे बहुधा एकाच माणसाला पक्के ठाऊक असते, जुन्या वॉचमनला किंवा ठरलेल्या प्लंबरला. तो गावी गेला की नवा माणूस अंदाजाने व्हॉल्व्ह फिरवतो आणि भलत्याच विंगचे पाणी बंद होते. म्हणून प्रत्येक सोसायटीकडे स्वतःच्या इमारतीच्या नकाशांचा एक संच हवा: नळ, ड्रेनेज, वायरिंग, अग्निशमन, सगळे मजलावार. त्यासाठी महागडे कॅड (संगणकावर तांत्रिक नकाशे काढण्याचे) सॉफ्टवेअर लागत नाही. लिब्रेऑफिस ड्रॉ मोफत आहे आणि या कामाला पुरून उरते. पुढचे मार्गदर्शन मुख्यतः ड्रॉ धरून केले आहे. व्हिजिओ आणि ड्रॉ डॉट आयओ ही आकृत्या काढण्याची दुसरी दोन सॉफ्टवेअर कुठे वेगळी वागतात ते शेवटी दिले आहे.

नकाशा काढणे तसे सोपे असते. संच बिघडतो तो तिसऱ्या-चौथ्या दुरुस्तीला. शीर्षकपट्टी (पानाच्या कोपऱ्यातली नाव, स्केल, तारीख यांची चौकट) प्रत्येक पानावर कॉपी करून चिकटवलेली असते, मग सोसायटीच्या नावातली एक चूक सुधारायला बारा पाने उघडावी लागतात आणि दोन तरी राहूनच जातात. किंवा प्लंबरसाठी वेगळी फाइल, वायरमनसाठी वेगळी, असे सुरू होते. मग एका फाइलमध्ये भिंत सरकते, दुसरीत तिथेच राहते. पहिल्या दुखण्यावरचे औषध मास्टर पेज आहे, म्हणजे सगळ्या पानांमागे दिसणारे एकच सामाईक पान; दुसऱ्यावरचे लेअर, म्हणजे हवा तेव्हा दाखवता किंवा झाकता येणारा नकाशाचा थर. गोंधळ होतो तो एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेतल्याने.

कसोटी अशी लावा. जे प्रत्येक पानावर जसेच्या तसे यायला हवे ते मास्टरवर. जे एकाच पानावर असते, पण कुणाला दाखवायचे आणि कुणासाठी झाकायचे असते, ते लेअरवर. जे फक्त त्याच पानाचे आहे, उदाहरणार्थ त्या पानाचा सुधारणा क्रमांक, ते साधे पानावर.

आधी कागदाचे गणित

सगळा संच एकाच आकाराच्या कागदावर ठेवा. सोसायटीच्या कामाला ए-३ आडवा सोयीचा: ४२० × २९७ मिमी. कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात निघतो, घडी घालून ए-४ च्या फाइलमध्ये बसतो. डावीकडे पंचिंगसाठी २० मिमी आणि बाकी तिन्ही बाजूंना १० मिमी सोडले की चौकट उरते ३९० × २७७ मिमी. आंतरराष्ट्रीय मानकातही याच कडा आहेत. शीर्षकपट्टीची रुंदी १८० मिमी धरतात, तिचाही उलगडा इथेच होतो: ए-४ च्या २१० मिमीमधून २० आणि १० वजा केले की १८० उरतात, त्यामुळे तीच पट्टी ए-४ वरही न बदलता बसते.

आता स्केल. १:१०० ला १ मीटर म्हणजे कागदावर १० मिमी, म्हणजे चौकटीत ३९ × २७.७ मीटर मावते. एका विंगचा मजला यात आरामात येतो. साइट प्लॅन मात्र येत नाही. एकरभराचा चौकोनी प्लॉट धरला तर बाजू साधारण ६३.६ मीटर. १:२०० ला ती ३१८ मिमी होते, उंचीतच मावत नाही. १:२५० ला २५४ मिमी होते. चौकटीत बसल्यासारखी दिसते, पण खालचा उजवा कोपरा शीर्षकपट्टीखाली जातो, आणि पाण्याचे मीटर किंवा ड्रेनेजचे शेवटचे चेंबर नेमके प्लॉटच्या कोपऱ्यात असण्याची शक्यता मोठी. १:३०० घ्या. बाजू २१२ मिमी होते आणि प्लॉट पट्टीच्या वर मोकळा बसतो.

ड्रॉमध्ये स्केल ही पूर्ण फाइलची गोष्ट आहे, पानागणिक बदलत नाही. म्हणून १:१०० चे मजले एका फाइलमध्ये आणि १:३०० चा साइट प्लॅन दुसऱ्या फाइलमध्ये ठेवा. एकाच फाइलमध्ये दोन्ही कोंबले तर एका पानावरची मापरेषा धडधडीत खोटे आकडे दाखवील. फाइली दोन झाल्या तरी चौकट एकच हवी, त्याची सोय टेम्पलेटने, म्हणजे नव्या फाइलीसाठी तयार ठेवलेल्या साच्याने होते. तिकडे नंतर येऊ.

मास्टर पेज तयार करणे

नवी ड्रॉइंग फाइल उघडा आणि पेज प्रॉपर्टीजमध्ये ए-३, लँडस्केप, डावी कड २० मिमी, बाकीच्या १० मिमी असे भरा. इथे एक गैरसमज हमखास होतो. ही मार्जिन म्हणजे चौकट नव्हे. ती पडद्यावर दिसते, छापली जात नाही. छापायची चौकट वेगळी काढावी लागते.

फाइलचे स्केल अजून १:१ वरच असू द्या. आधी १:१०० केले तर मापांच्या खिडकीत प्रत्यक्ष जमिनीवरची मापे दिसू लागतात आणि १८० मिमीची पट्टी भरताना डोके फिरते. मास्टर पूर्ण झाला की मगच टूल्स, ऑप्शन्स, लिब्रेऑफिस ड्रॉ, जनरल इथे जाऊन स्केल १:१०० करा.

व्ह्यू मेनूतून मास्टर निवडा. आता जे काढाल ते या मास्टरवर चालणाऱ्या प्रत्येक पानावर उमटेल. एक आयत काढा आणि तो निवडलेला असतानाच एफ-४ दाबा. स्थान एक्स २०, वाय १०. रुंदी ३९०, उंची २७७. ही मापे पानाच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यापासूनची आहेत. आकडे बरोबर भरूनही आयत भलतीकडे गेला तर मोजपट्टीचे शून्य त्या कोपऱ्यावर नाही असे समजा; दोन्ही मोजपट्ट्या जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर डबल क्लिक केले की शून्य मूळ जागी येते. ड्रॉमध्ये नवा आयत निळ्या रंगाने भरलेला येतो. भरण काढून टाका, रेषा ०.७ मिमी करा.

शीर्षकपट्टीचा आयत: एक्स २३०, वाय २५१, रुंदी १८०, उंची ३६. त्यात आडव्या चार ओळी, प्रत्येकी ९ मिमी. डावीकडच्या ११० मिमीत सोसायटीचे नाव, पत्ता, पानाचे नाव. उजवीकडच्या ७० मिमीत पान क्रमांक, स्केल, तारीख, आणि सुधारणा क्रमांकासाठी एक रिकामा चौकोन. आतल्या रेषा ०.३५ मिमी पुरेत. अक्षरांची उंची मुख्य नावाला ५ मिमी, बाकीला ३.५ मिमी. यापेक्षा बारीक देवनागरी झेरॉक्समध्ये वाचवत नाही. आधी मात्रा बुजतात, मग अनुस्वार.

पट्टीच्या डावीकडे बरोबर १०० मिमीची एक आडवी रेषा काढा, दोन्ही टोकांना छोट्या उभ्या खुणा आणि मध्ये ५० वर एक. खाली लिहा: ‘ही रेषा १०० मिमी भरली पाहिजे’. या रेषेवर कंजुषी करू नका. छापून आलेला कागद खरा की खोटा हे ती एका पट्टीच्या मोजणीत सांगते. स्केलच्या घरातही नुसते १:१०० न लिहिता ‘ए-३ वर १:१००’ असे लिहा. तोच कागद कुणी ए-४ वर छोटा करून काढला तर तो ७०.७ टक्के होतो आणि खरे स्केल जवळजवळ १:१४१ पडते. लिहिलेले १:१०० तसेच राहते आणि माणसाला फसवते.

सुधारणा क्रमांकाचा चौकोन मास्टरवर काढायचा, पण क्रमांक मास्टरवर टाइप करायचा नाही. गच्चीवरची टाकी बदलली म्हणून गच्चीच्या पानाला ‘सु-२’ लागतो. तो मास्टरवर लिहिला तर हातही न लावलेल्या तळमजल्यालाही ‘सु-२’ लागेल. मग प्लंबरच्या हातातला तळमजल्याचा बरोबर असलेला कागद जुना ठरवून फेकून दिला जाईल.

काम झाले की मास्टर व्ह्यू बंद करा. हे विसरणे ही या सगळ्यातली सर्वांत महागडी चूक आहे. मास्टरमध्येच राहून गच्चीचा पाइप काढला की तो पार्किंगपासून सातव्या मजल्यापर्यंत सगळीकडे दिसतो आणि कुठल्याच पानावर निवडता येत नाही. ‘ही रेषा पुसलीच जात नाही’ अशी तक्रार आली की पहिला संशय यावर घ्यावा. उपाय सरळ आहे: मास्टरमध्ये जा, ती वस्तू कट करा, मास्टर बंद करा, योग्य पानावर पेस्ट करा.

बदलता मजकूर फील्डवर सोडा

पानाचे नाव आणि क्रमांक हाताने लिहू नका, फील्ड म्हणजे आपोआप भरला जाणारा मजकूर वापरा. मास्टरमध्ये असतानाच त्या घरात मजकूर चौकट ठेवून इन्सर्ट, फील्ड इथून पान क्रमांक आणि एकूण पाने घाला. मास्टरवर तिथे कंसातला एक शब्दच दिसेल. त्याला घाबरू नका, प्रत्यक्ष पानावर आकडा उमटतो. हल्लीच्या आवृत्त्यांत पानाच्या नावाचेही फील्ड आहे. ते घातले की पानाला ‘तळमजला’, ‘ठराविक मजला’, ‘गच्ची’ अशी नावे दिली की तीच शीर्षकपट्टीत येतात.

तारखेला मात्र स्थिर प्रकार निवडा. बदलती तारीख घातली तर दोन वर्षांनी फाइल उघडून छापलेल्या कागदावर त्या दिवसाची तारीख येते आणि जुना नकाशा नवा असल्यासारखा दिसतो.

देवनागरीचा प्रश्न

लिब्रेऑफिसमध्ये देवनागरीचा फॉन्ट रोमन अक्षरांच्या फॉन्टपासून वेगळा धरला जातो. लँग्वेज सेटिंग्जमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून भाषा मराठी निवडा, आणि कॅरेक्टरच्या खिडकीत त्या विभागातला फॉन्ट व आकार भरा. वरच्या रोमन विभागात आकार बदलून ‘मराठी अक्षर मोठे का होत नाही’ म्हणून बसून राहण्याची पाळी अनेकांवर येते.

फॉन्ट युनिकोडच घ्या: नोटो सान्स देवनागरी, मुक्त, किंवा विंडोजवर निर्मला. जुन्या डीटीपीच्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये शीर्षकपट्टी लिहिली तर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर सोसायटीचे नाव इंग्रजी चिन्हांची रांग होऊन उघडते. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्ट विभागात जाऊन फॉन्ट फाइलमध्येच समाविष्ट करा, म्हणजे पुढच्या सेक्रेटरीच्या लॅपटॉपवरही ओळी घराबाहेर सांडणार नाहीत.

लेअर: कामाप्रमाणे, रंगाप्रमाणे नव्हे

ड्रॉच्या खालच्या कडेला लेअरच्या टॅब दिसतात. लेआउट, कंट्रोल्स आणि डायमेन्शन लाइन्स हे तीन आधीपासून असतात. ते काढता किंवा त्यांचे नाव बदलता येत नाही. मापरेषा डायमेन्शन लाइन्सवर जातात, त्यामुळे सगळी मापे एका क्लिकने झाकता येतात. टॅबवर राइट क्लिक करून नवे लेअर जोडा. ड्रॉमधले लेअर पूर्ण फाइलला लागू होतात. एका पानावर ‘बोअर’ जोडला की सगळ्या पानांना मिळाला, एकीकडे झाकला की सगळीकडे झाकला. संचासाठी हे वरदान आहे.

सोसायटीला पुरणारी यादी: तळचित्र, भिंती, सामाईक, मनपा पाणी, बोअर, सांडपाणी, पाऊस, वीज, अग्निशमन. पाइपचा गॅस आला असेल तर तो दहावा. याहून जास्त केले तर कुठली वस्तू कुठे आहे हे सांभाळण्यातच वेळ जातो. ‘लाल रेषा’, ‘निळ्या रेषा’ असे लेअर करू नका. विचार असा करा की हा कागद कुणाच्या हातात जाणार. प्लंबरला भिंती, सामाईक, मनपा पाणी आणि बोअर हवेत. वायरमनला भिंती, सामाईक आणि वीज. या जोड्या पटकन लागल्या पाहिजेत.

दोन निर्णय सुरुवातीलाच घ्यावे लागतात.

पहिला, खुणांचा. पाइपजवळचा मजकूर, व्हॉल्व्हचा क्रमांक, ‘वर जातो’चा बाण हे त्या पाइपच्याच लेअरवर ठेवा. सगळा मजकूर ‘टिपा’ नावाच्या वेगळ्या लेअरवर टाकण्याचा मोह होतो. मग बोअर झाकला की त्याचे व्हॉल्व्ह क्रमांक कागदावर अधांतरी लटकतात, आणि वाचणारा ते शेजारच्या मनपाच्या पाइपला चिकटवून वाचतो. ‘बो-४’ हा क्रमांक बोअरच्या पाइपबरोबर यावा आणि त्याच्याबरोबरच जावा. तोच क्रमांक प्रत्यक्ष व्हॉल्व्हवर धातूच्या चकतीवर ठोकून बांधला तर नकाशाचा खरा उपयोग होतो.

दुसरा, टाक्यांचा. अंडरग्राउंड टाकीत मनपाचेही पाणी येते, बोअरचेही आणि उन्हाळ्यात टँकरचेही. ती मनपाच्या लेअरवर ठेवली तर बोअरचा नकाशा काढताना टाकी गायब होते आणि पाइप हवेत संपतो. ड्रॉमध्ये एक वस्तू एकाच लेअरवर राहते. म्हणून टाक्या, पंप, मीटर रूम, डक्ट असे जे दोन कामांना लागते ते ‘सामाईक’वर ठेवा, आणि भिंतींप्रमाणे हा लेअर प्रत्येक छपाईत चालू ठेवा.

नवी वस्तू चालू लेअरवर पडते. चालू लेअरची टॅब ठळक दिसते. काढायला सुरुवात करण्याआधी तिकडे एक नजर टाकायची सवय लावा. वस्तू चुकीच्या लेअरवर पडली तर तिच्यावर माउस दाबून धरा, कडा लुकलुकली की ओढून योग्य टॅबवर सोडा. टॅबच्या दिसण्यावरून स्थिती कळते: नाव निळे म्हणजे लेअर झाकलेला, तिरपे म्हणजे कुलूप लावलेला, अधोरेखित म्हणजे छापला न जाणारा. ग्रुप करताना एकाच लेअरच्या वस्तू घ्या. वेगवेगळ्या लेअरच्या वस्तूंची मोट बांधली की झाकाझाकीचा भरवसा राहत नाही.

मंजूर नकाशाचा स्कॅन ‘तळचित्र’ लेअरवर टाका. नकाशावर ज्याचे माप लिहिले आहे अशी एक लांब भिंत शोधा. ती ३.६ मीटर असेल तर १:१०० ला ३६ मिमी भरायला हवी. स्कॅनमध्ये ३१ मिमी भरत असेल तर चित्राची रुंदी-उंची ३६ भागिले ३१ म्हणजे १.१६१ पट करा, प्रमाण कायम ठेवून. मग दुसऱ्या दिशेची एक भिंत मोजून खात्री करा. जुन्या ब्लू प्रिंटचा कागद ओढला गेलेला असेल तर दोन दिशांत फरक येतो. चित्र ५० टक्के पारदर्शक करा, लेअरला कुलूप लावा, छपाई बंद ठेवा आणि वर भिंती गिरवा. कुलूप नसेल तर पाइप ओढताना तळचित्र दोन मिमी सरकते, कळत नाही, आणि पुढचे सगळे काम दोन मिमी चुकते. प्रत्यक्षात ते २० सेंटिमीटर होतात. फरशी फोडायला तेवढी चूक पुरते.

ड्रॉमध्ये लेअरचा क्रम म्हणजे वर-खालीपणा नव्हे. फक्त कंट्रोल्स सर्वांत वर असतो. पाइप भिंतीखाली लपला तर लेअर हलवून काही होणार नाही. अरेंजमधून भिंत मागे पाठवा.

रेषांचे प्रकार ठरवताना झेरॉक्स डोळ्यांसमोर ठेवा. भारतीय मानक आयएस २३७९ मध्ये पाण्याच्या पाइपला समुद्री हिरवा आणि वायूंना कॅनरी पिवळा रंग सांगितला आहे. पडद्यावर तसे रंग जरूर द्या. पण सोसायटीतला कागद शेवटी काळ्या-पांढऱ्या प्रतीवरच फिरतो. मनपा सलग रेषा, बोअर तुटक, सांडपाणी रेषा-ठिपका, पाऊस नुसते ठिपके, अग्निशमन जाड ०.७ मिमी सलग, असे प्रकार ठरवले तर रंग गेला तरी फरक राहतो.

ठराविक मजला: भिंती मास्टरवर घ्याव्यात का?

पहिल्यापासून सातव्यापर्यंत मजले सारखे असतील तर भिंतीही मास्टरवर टाकाव्यात असे वाटते. चालते, पण त्याची किंमत माहीत असू द्या. ड्रॉमध्ये एका मास्टरवर दुसरा मास्टर चढत नाही, म्हणून ‘ठराविक मजला’ मास्टर करताना चौकट आणि शीर्षकपट्टी त्यातही कॉपी करावी लागते. म्हणजे नाव बदलले तर दोन ठिकाणी दुरुस्ती आली. शिवाय मास्टरवरच्या वस्तू पानाच्या लेअरने झाकता येत नाहीत. पानाचे मास्टर ऑब्जेक्ट्स दाखवणे बंद केले की भिंतींबरोबर चौकटही जाते.

आणि मास्टरवरची वस्तू पानावरून निवडता येत नाही, म्हणून तिला कनेक्टर (वस्तूबरोबर सरकणारी जोडरेषा) चिकटवता येत नाही. पंप किंवा टाकी मास्टरवर गेली तर तिच्याशी जोडलेली रेषा नुसती शेजारी टेकलेली राहते. टाकी सरकली की रेषा तिथेच. तेव्हा ज्याला काही जोडायचे आहे ते कधीही मास्टरवर घेऊ नका.

मजले चार किंवा कमी असतील तर भिंती पानावरच ठेवून पान डुप्लिकेट करणे सोपे. सात-दहा मजले आणि प्रत्येकाचा वेगळा नकाशा खरोखर हवा असेल तरच दुसरा मास्टर करा. बऱ्याचदा एकच ‘ठराविक मजला’ पान आणि सोबत डक्टची उभी आकृती एवढ्याने काम भागते.

पानाला मास्टर लावताना पेज मेनूतल्या मास्टरच्या खिडकीत खालचा चौकोन तपासा. पार्श्वभूमी सगळ्या पानांना बदलण्याची खूण तिथे असेल तर एका पानासाठी निवडलेला मास्टर पूर्ण फाइलला लागतो.

छापताना

आधी लेअरची जोडी लावा, मग पीडीएफ काढा, आणि फाइलच्या नावात काम, पान व सुधारणा लिहा: ‘प्लंबिंग-गच्ची-सु२’. दुकानात पीडीएफच द्या, मूळ फाइल देऊ नका. तिथल्या संगणकावर फॉन्ट नसेल तर शीर्षकपट्टी बिघडेल. ‘ए-३, ॲक्च्युअल साइज’ असे स्पष्ट सांगा. प्रिंटरच्या खिडकीत ‘फिट टू पेज’ बहुधा आधीच टिकलेले असते, त्याने कागद तीन-चार टक्के लहान होतो आणि दिसून येत नाही. पहिली प्रत हातात आली की तिथेच १०० मिमीची रेषा मोजा. ९७ भरली तर प्रती काढणे थांबवा.

एका पानावर चौकटच आली नाही तर त्या पानाचे मास्टर ऑब्जेक्ट्स बंद आहेत. पडद्यावर पाइप दिसतो आणि कागदावर नाही, तर त्या लेअरची छपाई बंद आहे. संच देण्याआधी एक तपासणी जरूर करा: ‘भिंती’ सोडून सगळे लेअर झाका, मग एकेक उघडून त्यावर भलते काही आहे का पाहा. मनपाच्या लेअरवर बोअरचा एक तुकडा सापडतोच.

व्हिजिओ आणि ड्रॉ डॉट आयओ

व्हिजिओत मास्टर पेजच्या जागी बॅकग्राउंड पेज असते. व्हिजिओत ‘मास्टर’ म्हणजे स्टेन्सिलमधला (तयार आकारांच्या संचातला) आकार, तेव्हा शब्दाने फसू नका. नवे बॅकग्राउंड पेज जोडा, चौकट काढा, मग प्रत्येक पानाच्या पेज सेटअपमध्ये पेज प्रॉपर्टीज टॅबवर ते निवडा. आकार आणि आडवे-उभे दोन्हीकडे सारखे ठेवा, नाहीतर चौकट सरकून बसते. व्हिजिओची खरी ताकद म्हणजे बॅकग्राउंडलाही बॅकग्राउंड देता येते: ‘चौकट’, तिच्यावर ‘ठराविक मजला’, त्याच्यावर पाने. वर सांगितलेली दोन ठिकाणची दुरुस्ती इथे उरत नाही. स्केलही पानागणिक वेगळे ठेवता येते, म्हणून साइट प्लॅन त्याच फाइलमध्ये राहू शकतो.

लेअर मात्र व्हिजिओत पानागणिक असतात. म्हणून एका पानावर सगळे लेअर तयार करा आणि तेच पान डुप्लिकेट करत जा. हाताने बनवले तर एकीकडे ‘बोअर’ आणि दुसरीकडे ‘बोअरवेल’ होते. एक आकार अनेक लेअरवर ठेवता येतो, त्यामुळे टाकी मनपा आणि बोअर दोन्हीवर टाका. दोघांपैकी एक लेअर चालू असला तरी ती दिसते. बॅकग्राउंडवरचे लेअर बॅकग्राउंड पेजवर जाऊनच झाकावे लागतात.

ड्रॉ डॉट आयओमध्ये लेअरची खिडकी कंट्रोल, शिफ्ट आणि एल दाबून उघडते. इथेही लेअर पानागणिक असतात, पण क्रमाला अर्थ आहे: वरच्या लेअरवरची वस्तू खालच्याला झाकते, म्हणून तळचित्र सर्वांत खाली ठेवा. लेअर डिलीट केला तर त्यावरचे सगळे जाते, हे डोक्यात पक्के असू द्या. चौकटीसाठी वेगळे पान करून ते इतर पानांना डायग्राम टॅबमधल्या बॅकग्राउंडच्या खिडकीतून पार्श्वभूमी म्हणून लावता येते.

टेम्पलेट आणि हस्तांतर

मास्टर, लेअर, फील्ड, रेषांचे प्रकार सगळे तयार, पण भिंती-पाइप काहीच नाही, अशा अवस्थेत फाइल टेम्पलेट म्हणून जतन करा. ड्रॉमध्ये तिचे एक्स्टेन्शन ओटीजी, व्हिजिओत व्हीएसटीएक्स. साइट प्लॅनची १:३०० ची फाइल याच टेम्पलेटवरून सुरू करा आणि स्केल तिथे बदला. स्केलच्या घरातला मजकूरही ‘ए-३ वर १:३००’ करायला विसरू नका, कारण तो मास्टरवर आहे.

टेम्पलेट बदलले म्हणून आधीच्या फाइली बदलत नाहीत. मास्टर त्या त्या फाइलमध्ये कॉपी होऊन बसलेला असतो. म्हणून फाइली दोन-तीनच ठेवा. सोसायटीचे नाव किंवा पट्टी बदलली तर आधी टेम्पलेट दुरुस्त करा, मग प्रत्येक फाइलचा मास्टर, त्याच दिवशी.

नवी कमिटी आली की तिच्या हातात मूळ फाइली, टेम्पलेट, पीडीएफ संच आणि कुठला लेअर कशाचा व कुठली रेषा कशाची हे लिहिलेला एक ए-४ कागद द्या. त्या कागदाची एक प्रत लॅमिनेट करून पंप रूमच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, शेजारी प्लंबिंगचे ‘ठराविक मजला’ आणि ‘गच्ची’ ही दोन पाने.